भाषण आणि जनमत : फिलाडेल्फिया, १८ मार्च २००८

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणुकीच्या काळात शेकडो भाषणे करतो. त्यांपैकी बहुतेकांचा मजकूर ठरलेला असतो आणि गावागणिक त्यातील स्थानिक उल्लेख तेवढे बदलत जातात. मात्र एखाद्या उमेदवारावर असाही प्रसंग येतो, की त्याच्याविषयी लोकांच्या मनात उत्पन्न झालेल्या एका विशिष्ट शंकेला त्याला जाहीरपणे आणि सविस्तर उत्तर द्यावे लागते, आणि त्याची उमेदवारी टिकणार की कोसळणार, हे पुष्कळ अंशी त्या उत्तरावर ठरते. अशा भाषणानंतर जनतेची प्रतिक्रिया काय झाली, याची चर्चा काही तासांतच सुरू होते. परंतु ही प्रतिक्रिया एकसंध असते, ती ताबडतोब कळते आणि पुढे ती जशीच्या तशी मतपेटीत उतरते, ही तिन्ही गृहीतके तपासून पाहण्यासारखी आहेत. बराक ओबामा यांनी १८ मार्च २००८ रोजी फिलाडेल्फिया येथे वंशभेदाच्या प्रश्नावर केलेले भाषण या तपासणीसाठी विशेष उपयोगी ठरते, कारण त्यावरील प्रतिक्रिया वृत्तपत्रे, प्रतिस्पर्धी, जनमत चाचण्या, इंटरनेट आणि प्रत्यक्ष मतदान अशा अनेक पातळ्यांवर नोंदल्या गेल्या आणि त्या सर्वांनी एकच निकाल दिला नाही.

या भाषणाचे महत्त्व कळण्यासाठी तेथील निवडणूक पद्धतीचा एक भाग ध्यानात घ्यावा लागतो. भारताचे राष्ट्रपती संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य निवडतात, त्यामुळे त्या पदासाठी सामान्य मतदारांपुढे प्रचारसभा घेण्याची वेळ सहसा येत नाही. अमेरिकेत मात्र उमेदवाराला आधी स्वतःच्या पक्षाची उमेदवारी राज्याराज्यांतील मतदारांकडून मिळवावी लागते. या पक्षांतर्गत निवडणुकांना ‘प्रायमरी’ म्हणतात आणि त्यांतून पक्षाच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी ठरतात. २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षात या प्रतिनिधींखेरीज ‘सुपरडेलिगेट’ म्हणून ओळखले जाणारे खासदार, गव्हर्नर आणि पक्षपदाधिकारीही होते, आणि ते स्वतःच्या मर्जीने कोणालाही पाठिंबा देऊ शकत होते. ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातील चुरस इतकी निकराची होती, की या मंडळींचा कल निर्णायक ठरण्याची शक्यता होती. म्हणून त्या वसंतात केलेल्या कोणत्याही मोठ्या भाषणाचे श्रोते दोन प्रकारचे होते : पुढच्या राज्यातील मतदार, आणि उमेदवार नोव्हेंबरमधील अंतिम निवडणूक जिंकू शकेल काय याचा अंदाज घेत बसलेले पक्षातील जाणते लोक.

वादाचे कारण ओबामा यांचे धर्मगुरू जेरेमाया राइट हे होते. शिकागोच्या दक्षिण भागातील ‘ट्रिनिटी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट’ या चर्चची धुरा राइट यांनी १९७२ पासून सांभाळली होती. ओबामा सुमारे २० वर्षे तेथील सभासद होते. त्यांचे लग्न राइट यांनी लावले, त्यांच्या मुलींचा बाप्तिस्मा राइट यांनी केला आणि ‘द ऑडॅसिटी ऑफ होप’ या त्यांच्या पुस्तकाचे नावही राइट यांच्या एका प्रवचनावरून घेतलेले होते. १३ मार्च २००८ रोजी ‘एबीसी न्यूज’ने राइट यांच्या जुन्या प्रवचनांतील काही तुकडे दाखवले. त्यांतील एकात, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या रविवारी, अमेरिकेने जगात जे पेरले तेच तिच्यावर उलटले अशा आशयाचे उद्गार होते, तर २००३ मधील दुसऱ्या प्रवचनात, कृष्णवर्णीयांना दिलेल्या वागणुकीबद्दल देवाने अमेरिकेला शाप द्यावा, असे शब्द होते.

राइट यांच्या प्रवचनांना एक परंपरा होती. जेम्स कोन यांनी १९६९ पासूनच्या आपल्या लेखनातून मांडलेल्या कृष्णवर्णीय मुक्तिवादी धर्मविचारात देव पीडितांच्या बाजूने उभा असतो, असे मानले जाते. शिवाय बायबलमधील संदेष्ट्यांप्रमाणे स्वतःच्या राष्ट्राची कठोर निर्भर्त्सना करणे हा कृष्णवर्णीय चर्चमधील प्रवचनांचा रूढ प्रकार आहे. ही पार्श्वभूमी ठाऊक असलेल्या श्रोत्याला ते शब्द ओळखीचे वाटत होते, आणि ती ठाऊक नसलेल्या बहुसंख्य गोऱ्या प्रेक्षकांना ते उघड देशद्रोहाचे वाटत होते. एकाच चित्रफितीचे असे दोन अर्थ लागत होते, आणि त्यामुळे पुढे भाषणावर उमटलेल्या प्रतिक्रियांतील फूट ही भाषण होण्यापूर्वीच तयार झालेली होती.

काळही या वादाला पोषक होता. ११ मार्चला मिसिसिपीतील प्रायमरी आटोपली होती आणि पुढची महत्त्वाची प्रायमरी पेनसिल्व्हेनियात २२ एप्रिलला होती. मधल्या सहा आठवड्यांत कोठेही मतदान नसल्यामुळे वृत्तवाहिन्यांना दाखवण्यासाठी नवे निकाल नव्हते, आणि ती पोकळी राइट यांच्या तुकड्यांनी भरून काढली. ओबामा यांनी १४ मार्चला लेखी निवेदन काढून त्या विधानांचा निषेध केला, परंतु तेवढ्याने प्रश्न मिटेना, तेव्हा त्यांनी वंशभेदावर स्वतंत्र भाषण करण्याचे ठरवले. जॉन फॅव्हरो या तरुण भाषणलेखकाने प्राथमिक मसुदा तयार केला असला तरी त्याचा गाभा ओबामा यांनीच त्याला सांगितला होता आणि अंतिम मजकूर त्यांनी रात्री जागून स्वतः लिहिला. ज्या इमारतीत अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली, त्या परिसरातील ‘नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर’ हे स्थळ हेतुपूर्वक निवडलेले होते आणि भाषणाची सुरुवातही राज्यघटनेच्या प्रास्ताविकातील शब्दांनी झाली.

सुमारे ३७ मिनिटांच्या या भाषणात चार टप्पे स्पष्ट दिसतात. पहिल्यात अमेरिकेच्या राज्यघटनेवर गुलामगिरीचा डाग जन्मापासून असला, तरी तो पुसण्याची शक्यताही त्याच घटनेत आहे, असे प्रतिपादन होते. दुसऱ्यात ओबामा यांनी राइट यांची वादग्रस्त विधाने चुकीची व फूट पाडणारी ठरवली, मात्र स्वतः राइट यांना नाकारण्याचे टाळले. आपल्याला वाढवणारी, पण रस्त्यात शेजारून जाणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांची भीती वाटत असल्याची कबुली देणारी आपली गोरी आजी आपण जशी नाकारू शकत नाही, तसेच राइट यांनाही नाकारू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तिसऱ्या टप्प्यात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या रागाची ऐतिहासिक कारणे सांगितली आणि लगोलग, नोकऱ्या गमावणाऱ्या किंवा मुलांना लांबच्या शाळेत पाठवावे लागणाऱ्या गोऱ्या श्रमिकांच्या मनातील रोषही समजून घेण्याजोगा आहे, असे म्हटले. चौथ्यात शाळा, आरोग्यसेवा आणि रोजगार या सर्वांच्या सामायिक प्रश्नांवर एकत्र येण्याचे आवाहन होते. तात्पर्य, उमेदवाराला एका व्यक्तीविषयी प्रश्न विचारला गेला होता आणि त्याने उत्तर देताना प्रश्नाचा परीघच वाढवला. माध्यमांच्या अभ्यासात याला ‘चौकट बदलणे’ म्हणतात. एखादी घटना ज्या संदर्भात पाहिली जाते, तो संदर्भच बदलून टाकणे, असा त्याचा अर्थ. पुढील सगळ्या प्रतिक्रिया या नव्या चौकटीचा स्वीकार करणाऱ्या आणि जुन्याच चौकटीला धरून राहणाऱ्या, अशा दोन गटांत विभागल्या गेल्या.

सर्वांत आधी बोलले ते मत बनवणारे लोक, म्हणजे संपादक, स्तंभलेखक आणि दूरचित्रवाणीवरील भाष्यकार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दुसऱ्याच दिवशीच्या अग्रलेखात या भाषणाला धैर्याचा नमुना ठरवून त्याचे नाते लिंकन, फ्रँकलिन रूझवेल्ट आणि केनेडी यांच्या भाषणांशी जोडले. विनोदी वृत्तनिवेदक जॉन स्टुअर्ट यांनी नेहमीची थट्टा बाजूला ठेवून, एका राजकारण्याने अमेरिकी जनतेशी वंशाच्या विषयावर प्रौढ माणसांशी बोलावे तसे बोलून दाखवले, अशा अर्थाची दाद दिली. वंश आणि बुद्धिमत्ता यांविषयीच्या मतांमुळे उदारमतवाद्यांना अप्रिय असलेले चार्ल्स मरे यांनीही भाषणाची मुक्तकंठाने स्तुती केली, ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित होती. इतिहासकार गॅरी विल्स यांनी लवकरच एका दीर्घ लेखात या भाषणाची तुलना लिंकन यांनी २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये केलेल्या भाषणाशी केली. जहाल मतांच्या लोकांशी असलेल्या संबंधाचा संशय दूर करून आपण राज्यघटनेच्याच बाजूचे आहोत हे दाखवणे, ही दोन्ही उमेदवारांची गरज होती, असे त्यांनी दाखवून दिले.

विरोधी मतही तितकेच ठाम होते आणि त्याचा रोख वक्तृत्वावर नव्हताच. चार्ल्स क्राउथॅमर यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधील स्तंभात भाषणाची चमक मान्य करूनच त्याला फसवणूक म्हटले. ओबामा २० वर्षे त्या चर्चमध्ये का राहिले आणि आपल्या मुलींना तेथे का नेत राहिले, या साध्या प्रश्नाला बगल देण्यासाठी त्यांनी इतिहासाचा आधार घेतला, असा त्यांचा आक्षेप होता. आजीच्या उल्लेखावरही पुष्कळांनी बोट ठेवले. घरातील वृद्ध स्त्रीने खासगीत व्यक्त केलेली भीती आणि धर्मगुरूने व्यासपीठावरून केलेली गर्जना एका पारड्यात घालणे त्यांना अन्यायाचे वाटले. २० मार्चला एका रेडिओ मुलाखतीत आजीचे वर्णन ओबामा यांनी एखाद्या सर्वसाधारण गोऱ्या व्यक्तीसारखी असे केले, तेव्हा या टीकेला आणखी जोर चढला. डावीकडूनही नाराजी होती : शतकांच्या अन्यायातून आलेला कृष्णवर्णीयांचा राग आणि गोऱ्यांचा अलीकडचा रोष यांना समान मापाने तोलणे काही कृष्णवर्णीय विचारवंतांना पटले नाही. समर्थकांना जो समतोल वाटत होता, तोच या टीकाकारांना दोष वाटत होता.

राजकारण्यांच्या प्रतिक्रिया मोजूनमापून दिलेल्या असतात, म्हणून त्यांतील मौनालाही अर्थ असतो. क्लिंटन यांनी त्या दिवशी, आपण भाषण ऐकलेले किंवा वाचलेले नाही, पण ते केले गेले याचा आनंद वाटतो, एवढेच म्हटले. एका आठवड्यानंतर मात्र पेनसिल्व्हेनियातील एका वृत्तपत्राच्या संपादकांशी बोलताना, राइट आपले धर्मगुरू राहिले नसते, असे सांगून त्यांनी जुन्याच चौकटीकडे लक्ष वेधले. रिपब्लिकन पक्षातील माजी उमेदवार आणि स्वतः बाप्टिस्ट पाद्री असलेले माइक हकबी यांनी राइट यांच्या विधानांचे समर्थन न करता, दक्षिणेतील वंशभेद स्वतः पाहिलेला असल्यामुळे अशा अपमानात वाढलेल्या पिढीला थोडी सूट दिली पाहिजे, असे मत मांडले. सर्वांत परिणामकारक ठरली ती न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांची कृती. क्लिंटन यांचे पती, माजी अध्यक्ष बिल क्लिंटन, यांच्या मंत्रिमंडळात काम केलेल्या रिचर्डसन यांनी २१ मार्चला ओबामा यांना पाठिंबा जाहीर केला आणि त्या वेळी या भाषणाचा आवर्जून उल्लेख केला. सुपरडेलिगेटांच्या दृष्टीने हा संकेत मोठा होता, कारण उमेदवार संकटात असताना पक्षातील अनुभवी माणूस त्याच्याकडे येतो, याचा अर्थ संकट आटोक्यात आहे असा घेतला जातो.

सामान्य लोकांची प्रतिक्रिया जाणून घेण्याचे दोन मार्ग होते. पहिला, लोकांनी भाषण किती पाहिले हा. १९६८ मध्ये अमेरिकेतील संध्याकाळच्या बातम्यांत उमेदवाराचे स्वतःच्या आवाजातील बोलणे सरासरी ४३ सेकंद दाखवले जाई आणि १९८८ पर्यंत ते सुमारे ९ सेकंदांवर आले, असे माध्यम-अभ्यासकांच्या मोजणीत आढळले होते. त्यामुळे लांब भाषण कोणी ऐकत नाही, हा समज पक्का झाला होता. यूट्यूब हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झालेले असल्यामुळे २००८ ची निवडणूक ही त्याच्या काळातील अध्यक्षपदाची पहिलीच निवडणूक होती, आणि तेथे हे संपूर्ण भाषण पहिल्या २४ तासांत १२ लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले. ज्या माध्यमामुळे राइट यांचे काही सेकंदांचे तुकडे देशभर पसरले, त्याच माध्यमाने ३७ मिनिटांच्या उत्तरालाही वाट करून दिली. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीतही मार्चअखेर सुमारे ८५ टक्के अमेरिकनांनी या भाषणाविषयी निदान थोडेफार ऐकले होते आणि निम्म्याहून अधिक लोकांनी पुष्कळ ऐकले होते, असे दिसून आले.

दुसरा मार्ग जनमत चाचण्यांचा. भाषणानंतर दोनच दिवसांनी सीबीएस वाहिनीने घेतलेल्या चाचणीत, भाषणाविषयी ऐकलेल्या किंवा वाचलेल्या मतदारांपैकी ६९ टक्क्यांनी ओबामा यांनी वंशाचा प्रश्न चांगला हाताळला, असे म्हटले, तर ७१ टक्क्यांनी राइट यांच्याशी असलेल्या संबंधाचे त्यांचे स्पष्टीकरण चांगले ठरवले. एवढेच आकडे पाहिले तर भाषण पूर्णपणे यशस्वी झाले असे वाटेल. परंतु ओबामा देश एकत्र आणू शकतील असे मानणाऱ्यांचे प्रमाण, जे महिन्यापूर्वी ६७ टक्के होते, ते त्याच चाचणीत ५२ टक्क्यांवर घसरलेले होते. आणि या सगळ्या घडामोडींचा आपल्या मतदानावर काही परिणाम होणार नाही, असे सुमारे ७० टक्के लोक म्हणत होते, तर परिणाम होईल म्हणणारे अनुकूल व प्रतिकूल अशा दोन सारख्या भागांत विभागलेले होते. गॅलप संस्थेच्या दैनंदिन चाचणीत भाषणाच्या दिवसापर्यंत क्लिंटन यांनी ४९ विरुद्ध ४२ अशी आघाडी घेतली होती आणि ती त्याच आठवड्याच्या अखेरीस ओसरली. भाषण आवडणे, वक्त्याविषयीचा विश्वास टिकणे आणि मत देण्याचा निर्णय बदलणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांच्या एकत्रित वाचनातून उघड होते.

असे का होते, याचे उत्तर राजकीय समाजशास्त्राने बरेच आधी शोधलेले आहे. पॉल लाझार्सफेल्ड, बर्नार्ड बेरेल्सन आणि हेझल गोडे यांनी १९४० च्या निवडणुकीच्या वेळी ओहायो राज्यातील ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना अनेक महिने पुन्हापुन्हा भेटून पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रचारामुळे एका बाजूचा मतदार दुसऱ्या बाजूला जाण्याचे प्रकार फारच थोडे घडतात. प्रचार प्रामुख्याने आधीच्या कलाला बळकटी देतो किंवा सुप्त कल जागा करतो, असे त्यांना आढळले. या अभ्यासातून पुढे ‘द्विस्तरीय प्रवाह’ ही कल्पना रूढ झाली : माध्यमांतला मजकूर थेट सर्वांपर्यंत पोहोचून परिणाम करतो असे नसून, तो आधी प्रत्येक वर्तुळातील जाणकार मानल्या गेलेल्या व्यक्तींपर्यंत जातो आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांपर्यंत झिरपतो. फिलाडेल्फियाच्या भाषणाचे वेळापत्रक या कल्पनेशी जुळते. ते सकाळी, बहुतेक लोक कामावर असताना झाले. दुपारी भाष्यकारांनी त्याचा अर्थ लावला, संध्याकाळी त्या अर्थासह त्यातील वेचे दाखवले गेले आणि चाचणीत उत्तर देणाऱ्या अनेकांनी भाषणापेक्षा भाषणाविषयीची चर्चाच अधिक ऐकलेली होती.

आणखी एक कल्पना येथे लागू पडते. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये ‘तृतीय व्यक्ती परिणाम’ या नावाने असे मांडले, की एखाद्या मजकुराचा आपल्यापेक्षा इतरांवर अधिक परिणाम होतो, असे माणसे समजतात आणि त्या समजुतीनुसार स्वतः वागतात. आपल्याला भाषण पटले, पण पेनसिल्व्हेनियातील गोऱ्या श्रमिक मतदाराला ते पटणार नाही, हे वाक्य त्या दिवसांत वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी भाष्यकारांनी उच्चारले. त्या श्रमिकाच्या मनात काय आहे, यापेक्षा त्याच्या मनात काय असेल याविषयीचा इतरांचा अंदाज पक्षातील जाणत्यांच्या हालचाली ठरवत होता. जनतेची प्रतिक्रिया म्हणून जे छापले जाते, त्यात अशा अंदाजांचा वाटा बराच मोठा असतो.

प्रत्यक्ष घटनाक्रमानेही प्रतिक्रिया हळूहळू आणि टप्प्याटप्प्याने घडते, हेच दाखवले. १६ एप्रिलला फिलाडेल्फियातच झालेल्या वादविवादात राइट यांच्याविषयीचे प्रश्न पुन्हा विचारले गेले, म्हणजे महिन्याभरानंतरही अनेकांच्या लेखी उत्तर मिळालेले नव्हते. २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनियात क्लिंटन सुमारे ९ टक्क्यांनी विजयी झाल्या. २८ एप्रिलला राइट यांनी वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल प्रेस क्लब’मध्ये आपल्या जुन्या विधानांचे जोरदार समर्थन केले आणि ओबामा राजकारणी म्हणून जे बोलायला हवे ते बोलले, असा टोला लगावला. दुसऱ्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे पत्रकार परिषद घेऊन ओबामा यांनी त्यांच्याशी असलेले नाते जाहीरपणे तोडले आणि मेअखेर ट्रिनिटी चर्चचे सभासदत्वही सोडले. ज्याला नाकारणे शक्य नाही असे मार्चमध्ये सांगितले, त्यालाच एप्रिलमध्ये नाकारावे लागले, आणि टीकाकारांच्या मूळ प्रश्नाला तेव्हा कोठे व्यवहारात उत्तर मिळाले. तरीही ६ मे रोजी नॉर्थ कॅरोलायनात ओबामा सुमारे १४ टक्क्यांनी जिंकले, इंडियानात अगदी थोडक्यात हरले आणि ३ जूनला त्यांची उमेदवारी निश्चित झाली. नोव्हेंबरमधील निवडणुकीतील रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी स्वतःच्या प्रचारात राइट यांचा मुद्दा वापरण्यास नकार दिला. काही स्वतंत्र गटांनी अखेरच्या दिवसांत तशा जाहिराती दाखवल्या, पण तोवर आर्थिक संकटाने मतदारांचे लक्ष वेधून घेतले होते आणि ओबामा ५२.९ टक्के मते व ३६५ निर्वाचक मते मिळवून अध्यक्ष झाले.

अशा भाषणांचा इतिहास पाहिला, तर सभागृहातील प्रतिसाद हा सर्वांत फसवा निकष ठरतो. ९ जुलै १८९६ रोजी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो येथील अधिवेशनात सुवर्णमानकाविरुद्ध, म्हणजे चलनाचे मूल्य केवळ सोन्याशी बांधून ठेवण्याच्या धोरणाविरुद्ध, केलेल्या भाषणानंतर प्रतिनिधींनी त्यांना खांद्यावर घेतले आणि दुसऱ्या दिवशी वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांना उमेदवारी मिळाली. पण पूर्वेकडील वृत्तपत्रे आणि शहरी कामगार त्यांच्या बाजूला आले नाहीत आणि ते रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली यांच्याकडून हरले. १६ जुलै १९६४ रोजी बॅरी गोल्डवॉटर यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमधील रिपब्लिकन अधिवेशनात स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाची भूमिका घेण्यात दोष नाही, असे ठणकावले तेव्हा सभागृह दणाणून गेले, परंतु आयझेनहॉवर यांच्यासारखे स्वपक्षातील ज्येष्ठही त्यामुळे अस्वस्थ झाले आणि नोव्हेंबरमध्ये जॉन्सन यांनी ६१ टक्के मते घेऊन त्यांचा पाडाव केला. मात्र गोल्डवॉटर यांच्या त्याच शब्दांभोवती पुढील पिढीची पुराणमतवादी चळवळ उभी राहिली, त्यामुळे एका निवडणुकीपुरता पाहिलेला निकालही अंतिम ठरला नाही.

ओबामा यांच्या प्रसंगाशी सर्वांत जवळचे उदाहरण कॅथलिक असलेल्या जॉन केनेडी यांचे आहे. कॅथलिक अध्यक्ष पोपच्या आज्ञेत राहील, ही शंका १९२८ मध्ये अल स्मिथ यांच्या पराभवाला हातभार लावून गेली होती, आणि सप्टेंबर १९६० मध्ये सकारात्मक विचारसरणीवरील पुस्तकामुळे भारतातही परिचित असलेले नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्यासह अनेक प्रॉटेस्टंट धर्मगुरूंनी ती पुन्हा जाहीरपणे मांडली. केनेडी यांनी १२ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्याच मेळाव्यात जाऊन धर्म आणि राज्यसत्ता यांच्या पूर्ण विभक्ततेची ग्वाही दिली आणि त्यानंतर त्यांच्या प्रश्नांना उत्तरेही दिली. समोरचे श्रोते थंडच होते. परंतु त्या प्रसंगाचे चित्रीकरण त्यांच्या प्रचारयंत्रणेने ठिकठिकाणी दाखवले आणि त्यामुळे कॅथलिक मतदारांना अभिमान वाटला, तर उदार प्रॉटेस्टंटांना त्यांना मत देण्याचे समर्थनीय कारण मिळाले. तरीसुद्धा मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी निवडणुकीनंतर मांडलेल्या हिशेबानुसार धर्मामुळे केनेडी यांना देशभरात मिळालेल्या मतांपेक्षा गमावलेली मते अधिक होती. भाषणाने पूर्वग्रह नाहीसा केला नाही. उघडपणे त्या पूर्वग्रहाचा आधार घेणे मात्र प्रतिष्ठित माणसाला अवघड करून ठेवले.

फिलाडेल्फियाच्या भाषणाविषयीचा निर्णयही याच दिशेने द्यावा लागतो. त्याने फारशी मते फिरवली नाहीत, राइट प्रकरण संपवले नाही आणि त्यातील एका मध्यवर्ती विधानापासून वक्त्याला सहा आठवड्यांतच माघार घ्यावी लागली. भाषणाने अमेरिकेतील वंशसंवादाचे नवे पर्व सुरू होईल, ही त्या आठवड्यातील अपेक्षाही फलद्रूप झाली नाही. परंतु मार्चच्या मध्यावर सुपरडेलिगेटांचा जो ओघ क्लिंटन यांच्याकडे वळू शकला असता तो वळला नाही, समर्थकांना वाद घालण्यासाठी एक सुसंगत युक्तिवाद मिळाला आणि गोंधळलेल्या पाठीराख्यांना आपल्या जागी थांबण्यास कारण मिळाले. उमेदवाराच्या मोठ्या भाषणाचे यश बहुधा अशाच स्वरूपाचे असते : त्याने काय मिळवले हे दिसत नाही, कारण त्याने जे टाळले ते घडलेलेच नसते. म्हणून एखाद्या भाषणाला जनतेने डोक्यावर घेतले किंवा नाकारले अशी बातमी वाचताना, ही जनता म्हणजे नेमके कोण, तिला कोणता प्रश्न विचारला होता आणि भाषणानंतर किती दिवसांनी विचारला होता, या तीन गोष्टी वाचकाने आधी पाहाव्यात. त्या सांगितलेल्या नसतील, तर ती बातमी जनमताची नसून बातमी देणाऱ्याच्या मताची आहे, असे समजण्यास हरकत नाही.